बळ आणि चव

कर्करोगाचे उपचार संपल्याचा दिवस घरात सणासारखा उगवतो. कित्येक महिने चाललेल्या इस्पितळाच्या येरझाऱ्या थांबतात, कागदपत्रांची पिशवी खुंटीला लागते, शेजारीपाजारी भेटावयास येतात, कोणी देवापुढे पेढे ठेवतो. "सुटलात एकदाचे!" असे जो तो म्हणतो. आणि ज्याच्यासाठी हा सारा आनंद चाललेला असतो तो मात्र उशीला टेकून बसलेला असतो. दोन पाहुण्यांशी बोलताच त्याला थकवा येतो. पेढ्याचा तुकडा जिभेवर ठेवला तर तो बेचव लागतो. सर्वांच्या मते आपण बरे झालो. मग आपल्याला बरे का वाटत नाही, असा प्रश्न तो मनातल्या मनात विचारतो आणि लाजेने कोणापाशी बोलत नाही.

वाचकहो, आपल्या घरात, आप्तांमध्ये किंवा शेजारात असा कोणी असेल, अथवा आपण स्वतःच या वाटेवर असाल, तर पहिली गोष्ट ही लक्षात घ्यावी की असे वाटणे स्वाभाविक आहे. उपचार संपणे आणि प्रकृती भरून येणे या दोन निराळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यामध्ये काही आठवड्यांचे, पुष्कळदा काही महिन्यांचे अंतर असते. ते अंतर कसे काटावे याचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्न बदलला आहे

एक काळ असा होता की कर्करोगाचे नाव निघाले म्हणजे पुढचे बोलणेच खुंटत असे. १९४१ साली मुंबईस परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. १९५१ साली डॉ. जसावाला आणि नवल टाटा यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली. १९५४ साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नाने मद्रासला अड्यार येथे कर्करोग संस्था उभी राहिली. स्वतःची बहीण या रोगाने गमावल्याचे दुःख त्यांच्या या कार्यामागे होते. त्या पिढीपुढे मुख्य प्रश्न होता तो रोग्याचे प्राण वाचतील कसे, हा. आज शल्यक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार पुष्कळ पुढे गेले आहेत. रोग वेळेवर ओळखला तर बरे होऊन घरी परतणाऱ्यांची संख्या मोठी आहे. म्हणून आता आणखी एक प्रश्न उभा राहतो: वाचलेले आयुष्य पुन्हा जगण्याजोगे कसे करावे?

या प्रश्नाला आपल्या घरांतून सामान्यतः एकच उत्तर मिळते. रोग्याला निजवून ठेवावे, त्याला कशालाही हात लावू देऊ नये, खाण्यापिण्याची शक्य तितकी बंधने घालावीत आणि अंगात शक्ती आली म्हणजे मग हिंडणेफिरणे, आवडीचे खाणे, गाणेबजावणे पाहता येईल, असे म्हणावे. यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु हा क्रमच उलटा आहे. आधी बळ आणि मग आनंद, असे शरीर वागत नाही. चार पावले चालण्याचा, दोन घास रुचीने खाण्याचा, घरातल्या एखाद्या कामात वाटा उचलण्याचा जो लहानसा आनंद असतो, त्याच्याच आधाराने बळ परतते.

थकवा म्हणजे आळस नव्हे

या काळातला थकवा नेहमीच्या दमण्यासारखा नसतो. दिवसभर शेतात राबलेला मनुष्य रात्री गाढ झोपला की सकाळी ताजातवाना होतो. उपचारांनंतरचा थकवा झोपेने फिटत नाही. सकाळी उठतानाच अंग जड असते. त्याला अनेक कारणे असतात. औषधांमुळे रक्तातील तांबड्या पेशी कमी झालेल्या असतात. पडून राहण्याने आणि कमी खाण्याने स्नायू झिजलेले असतात. रात्रीची झोप तुटक होते. मनावर भीतीचे ओझे असते. मानेवर किरणोपचार झाले असतील तर पुढे काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही, थायरॉइड ग्रंथी मंदावते आणि त्यानेही ग्लानी येते. यांपैकी कित्येक कारणांवर उपाय आहेत. म्हणून थकवा फार असेल तर "असायचेच हे" असे म्हणून तो सोसत न बसता डॉक्टरांना सांगावा आणि रक्त तपासून घ्यावे.

अधिक विश्रांती घेतली म्हणजे थकवा जाईल, ही समजूत मात्र सोडावयास हवी. स्नायूंचा स्वभाव असा आहे की वापरले नाहीत तर ते भराभर क्षीण होतात. आणि स्नायू क्षीण झाले की जिना चढणेही डोंगर चढण्यासारखे होते. मग माणूस आणखी पडून राहतो. हे चक्र कोठेतरी उलटे फिरवावे लागते.

पाच मिनिटांपासून आरंभ

त्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे चालणे. डॉक्टरांची संमती घेऊन पहिल्या दिवशी अंगणात, गच्चीवर किंवा चाळीच्या गॅलरीत पाच मिनिटे चालावे. इतके चालावे की चालता चालता सोबतीशी बोलता येईल; बोलताना धाप लागू लागली तर थांबावे. तीन-चार दिवसांनी त्यात दोन मिनिटे वाढवावीत. एखादा दिवस वाईट जाईल. त्या दिवशी थोडे कमी चालावे, परंतु अगदीच सोडू नये. असे करीत आठवड्यातून किमान तीन दिवस अर्धा-अर्धा तास चालण्यापर्यंत पोहोचता आले, आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारे हलके व्यायाम करता आले, तर थकवा कमी होतो, झोप सुधारते आणि मनही हलके होते, असे आता या विषयातले तज्ज्ञ एकमताने सांगतात. स्नायूंच्या व्यायामाला मोठे साहित्य लागत नाही. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, किंवा पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली हातात घेऊन ती वरखाली करणे, एवढ्यानेही आरंभ होतो.

व्यायामाचा लाभ केवळ हुरूप येण्यापुरताच नसावा, असेही दिसू लागले आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शल्यक्रिया व रसायनोपचार पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांची एक पाहणी, मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत, अनेक वर्षे चालली होती. तिचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना तीन वर्षे मार्गदर्शकाच्या साहाय्याने नियमित व्यायाम करविला, त्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर रोगमुक्त होते. ज्यांना केवळ माहितीची पुस्तिका दिली, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते. ही एका प्रकारच्या कर्करोगाची गोष्ट आहे आणि ती जशीच्या तशी सर्वांना लावता येणार नाही. तरीही सकाळचे फिरणे ही केवळ करमणूक नव्हे, एवढे तिच्यावरून उमजावे.

काही सावधगिरी अवश्य बाळगावी. काही औषधांनी तळपायांना बधिरता किंवा मुंग्या येतात. अशांनी अनवाणी चालू नये, रोज रात्री पावले पाहावीत आणि स्नानाचे पाणी कोपराने अजमावून घ्यावे. रोग हाडांत असेल किंवा हृदयावर औषधांचा परिणाम झाला असेल, तर कोणता व्यायाम करावा हे डॉक्टरांनीच ठरवावे. स्तनाच्या शल्यक्रियेत काखेतल्या ग्रंथी काढलेल्या स्त्रियांना पूर्वी "त्या हाताने काहीच उचलू नका" असे सांगत. क्रमाक्रमाने आणि देखरेखीखाली वाढविलेल्या व्यायामाने हाताची सूज वाढत नाही, असे आता दिसून आले आहे. त्या हाताला चिरणे, भाजणे यांपासून जपावे, आणि तो जड वाटू लागला किंवा बांगडी घट्ट होऊ लागली तर लगेच दाखवावा.

जिभेची ओळख पुन्हा पटते

आता ज्याविषयी रुग्ण सर्वांत अधिक तक्रार करतात आणि घरची मंडळी सर्वांत अधिक काळजी करतात, त्या जेवणाकडे वळू.

जिभेवरील चव घेणाऱ्या पेशी फार दिवस टिकत नाहीत. साधारणपणे दहा-पंधरा दिवसांत जुन्या जाऊन नव्या येतात. भराभर वाढणाऱ्या पेशींवर आघात करणे हे रसायनोपचाराचे कामच असल्याने त्यात या पेशीही सापडतात. म्हणून दूध कडू लागते, पाणी लोखंडासारखे लागते, आवडती आमटी गवतासारखी लागते. यात अन्न रांधणाऱ्याचा दोष नसतो आणि खाणाऱ्याचे ते नखरेही नसतात. औषधे थांबल्यावर चव बहुधा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत परतू लागते. तोंडावर किंवा घशावर किरणोपचार झाले असतील तर अधिक काळ लागतो, आणि लाळ कमी झाल्याने कोरडेपणा पुष्कळ दिवस राहू शकतो.

तोवर काय करावे? स्टीलच्या चमच्याने धातूची चव अधिक जाणवत असेल तर लाकडी चमचा घ्यावा, किंवा सरळ हातानेच जेवावे. फोडणीच्या वासाने मळमळ होत असेल तर अन्न गरम गरम न वाढता कोमट किंवा गार करून द्यावे; दहीभात, गार खीर, फळांचा गर अशा वेळी उपयोगी पडतात. जेवणापूर्वी मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने चूळ भरावी. तोंडात फोड नसतील तर लिंबू, आमसूल, चिंच, पुदिना यांनी रुची जागी होते. फोड असतील तर आंबट व तिखट वर्ज्य करावे. भरलेले ताट पुढे ठेवून "सगळे संपवा" म्हणण्यापेक्षा दोन-अडीच तासांनी वाटीभर द्यावे. आज नकोसा झालेला पदार्थ पंधरा दिवसांनी पुन्हा चाखून पाहावा. कित्येकदा तो परत आवडू लागतो.

झिजलेले स्नायू भरून येण्यास प्रथिने लागतात. निरोगी माणसाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात. कर्करोगाच्या रुग्णाला ती एक ग्रॅमहून अधिक, आणि जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत, मिळावीत असे आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या व्यक्तीस ५० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम आणि मूठभर डाळीत जवळजवळ तितकीच प्रथिने असतात, हे ध्यानात ठेवले तर हिशेब करणे कठीण नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

यासाठी महागडे डबे विकत आणलेच पाहिजेत असे नाही. आपल्या देशातील प्रत्येक प्रांताने अशक्त माणसासाठी काही ना काही रांधून ठेवले आहे. कोकणात तांदळाची पेज आहे, देशावर मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आहे, कर्नाटकात नाचणीची आंबील, केरळात कांजी व मूग, बिहारमध्ये सातू. पेजेत दूध किंवा शिजवून घोटलेली डाळ मिसळावी, खिचडीवर तूप घालावे, सातू ताकात कालवावे, म्हणजे त्याच वाटीत अधिक सत्त्व येते. शाकाहारी नसणाऱ्यांनी मऊ शिजविलेले मासे व अंडी जरूर घ्यावीत.

या ठिकाणी एका घातक समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. साखर, दूध, भात बंद केले म्हणजे रोग उपाशी मरतो, असे पुष्कळ जण सांगतात. अशा उपासाने रोग नव्हे, रोगी झिजतो. कोणी सांगितलेली चूर्णे आणि काढेही डॉक्टरांना दाखविल्याखेरीज घेऊ नयेत. काही वनस्पती औषधांच्या कार्यात बाधा आणतात. रक्तातील पांढऱ्या पेशी कमी असतील त्या काळात उघड्यावरचे व कच्चे खाणे टाळावे, पाणी उकळून घ्यावे.

आपल्या देशात, विशेषतः पुरुषांत, तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण फार आहे. त्याच्या उपचारांनंतर जबडा आखडतो. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. येथे कधी एकही मावत नाही. यासाठी शिकविलेले जबड्याचे व्यायाम दिवसातून अनेकदा आणि कित्येक महिने नेटाने करावे लागतात. जबड्यावर किरणोपचार झाले असतील तर ते सांगितल्याशिवाय कधीही दात काढून घेऊ नये. आणि तंबाखू, मग ती विडीतली असो, मिश्रीतली असो की पानातली, पुन्हा तोंडात जाता कामा नये. ज्या दिवशी अशा माणसाला मऊ भाकरीचा कुस्करा स्वतःच्या हाताने खाता येतो, त्या दिवसाचे मोल त्यालाच कळते.

पंगतीत जागा

खाण्यातली रुची निम्मी ताटात असते आणि निम्मी पंगतीत. अजूनही काही घरांतून रुग्णाचे ताट-वाटी निराळे ठेवतात, त्याचे अंथरूण दूर घालतात, नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत. कर्करोग स्पर्शाने, श्वासाने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. रुग्णाला सर्दी-पडशाच्या माणसापासून जपावयाचे असते ते त्याची प्रतिकारशक्ती कमी असते म्हणून. त्याच्यापासून इतरांना भय असते म्हणून नव्हे. निराळ्या ताटाने होणारी जखम कोणत्याही टाक्यांनी शिवता येत नाही.

म्हणून चार घास जात असले तरी त्याला सर्वांबरोबर बसवावे, आणि त्याच्या ताटाकडे टक लावून पाहू नये. त्याचप्रमाणे घरातल्या कामातील त्याचा वाटा त्याला परत द्यावा. "तुम्ही पडा, आम्ही करतो" हे वाक्य पहिल्या आठवड्यात गोड वाटते. तिसऱ्या महिन्यात ते माणसाला निरुपयोगी करून टाकते. "बाबा, मेथी निवडून द्याल का?", "आई, लोणच्यात मीठ किती घालू?", "वहिनी, मुलांचे शुद्धलेखन तुम्ही तपासाल का?" असे विचारावे. त्याने ते काम हळू केले तर हळू करू द्यावे. नकार दिला तर तोही मान्य करावा.

शक्ती मोजकी असते तेव्हा ती पैशाप्रमाणे हिशेबाने खर्च करावी लागते. दिवसाचा जो प्रहर बरा जातो त्यात महत्त्वाचे काम करावे. बसून करता येईल ते उभ्याने करू नये. दुपारची झोप अर्ध्या तासाहून फार वाढू देऊ नये, नाहीतर रात्र जागून काढावी लागते. आणि या तुटपुंज्या शक्तीतला थोडा भाग मनाला आवडणाऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवावा. सगळी शक्ती स्नान, औषधे आणि इस्पितळ यांतच संपली तर माणूस जगतो खरा, पण कशासाठी ते त्याला आठवत नाही. कुंडीतल्या तुळशीला पाणी घालणे, आकाशवाणीवरचे भजन ऐकणे, ओट्यावर बसून संध्याकाळची रहदारी पाहणे, नातवाबरोबर पत्त्यांचा एक डाव टाकणे, या गोष्टी क्षुल्लक नाहीत. वाचलेले ध्यानात राहात नाही, नावे आठवत नाहीत, असा अनुभव काही दिवस येतो. तेव्हा जाड ग्रंथ बाजूस ठेवून लहान गोष्टी वाचाव्यात, कामे वहीत लिहून ठेवावीत. बहुतेकांची एकाग्रता हळूहळू सुधारते.

रूपाचाही विचार मोकळेपणाने करावा. गेलेले केस बहुधा रसायनोपचार थांबल्यावर दोन-तीन महिन्यांत दिसू लागतात. आरंभी ते कुरळे किंवा निराळ्या रंगाचे असू शकतात. तोवर कोणी रुमाल बांधील, कोणी टोप घालील, कोणी तसेच हिंडेल. ज्याला जे रुचेल ते बरोबर. हळदीकुंकवाला बोलावणे आले तर स्त्रीने केवळ केसांसाठी घरी बसू नये. पतिपत्नींमधील जवळीकही पुन्हा हळूहळू येते. संकोच वाटला तर तो एकमेकांशी बोलावा, आणि काही त्रास होत असल्यास डॉक्टरांना विचारावा. त्यात लाजण्यासारखे काहीही नाही.

तपासणीची तारीख

या सर्व काळात एक भीती घराच्या कोपऱ्यात बसलेली असते. रोग पुन्हा उलटेल काय? तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते, लहानसे दुखणेही मोठे भासते. "असले विचारच मनात आणू नका" असे सांगून ही भीती जात नाही. ती बोलून दाखविली म्हणजे हलकी होते. तपासणीला जाताना विचारावयाचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि कोणी तरी बरोबर जावे. दोन-दोन आठवडे मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेना, तर तेही एक दुखणे समजून त्यावर उपचार घ्यावेत. नवी गाठ, न थांबणारा खोकला, रक्तस्राव, कारणावाचून घटणारे वजन यांसाठी ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. आणि रसायनोपचार चालू असताना किंवा संपल्यावर लगेचच्या आठवड्यांत ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर रात्र असली तरी इस्पितळाशी संपर्क साधावा.

खर्चाच्या काळजीने कित्येक कुटुंबे पुढील तपासण्या सोडून देतात. तसे करण्यापूर्वी रुग्णालयातील समाजसेवकास भेटावे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबांच्या कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. उपचार व तपासणीसाठी प्रवास करणाऱ्या रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. तिचा अर्ज रुग्णालयाकडून भरून घ्यावा लागतो.

अखेर एक लहानशी सूचना. एक साधी वही घ्यावी आणि तीत रोज रात्री दोन ओळी लिहाव्यात: आज किती चाललो, आणि आज काय बरे वाटले. पहिल्या पानावर कदाचित "दारापर्यंत, काही नाही" एवढेच असेल. पुढे कोठेतरी "कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, चहा चहासारखा लागला" असे लिहिले जाईल. प्रकृती रोज पाहणाऱ्याला तिच्यातला फरक दिसत नाही. वहीला तो दिसतो. वाईट दिवशी मागची पाने चाळावीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून पुन्हा दाराबाहेर पडावे.